सिसेरो आणि सिसेरोचे ग्रंथ : रोमन पाठशाळेतील इतिहासकल्पिताचा विचार

१

इ.स. १८७१ मध्ये रोम शहराच्या तटबंदीतील सालारिया दरवाजा पाडण्यात आला, तेव्हा त्याच्या बांधकामाच्या पोटात दडलेले एका मुलाचे समाधिस्मारक उजेडात आले. क्विंटस सल्पिशियस मॅक्झिमस असे त्या मुलाचे नाव. अकरा वर्षे, पाच महिने आणि बारा दिवस एवढेच आयुष्य त्याला लाभल्याची नोंद स्मारकावर आहे. इ.स. ९४ मधील कॅपिटोलाइन स्पर्धेत ग्रीक काव्यरचनेसाठी बावन्न कवी उतरले होते. त्यांत हा मुलगा होता. सूर्याने आपला रथ फेथॉनच्या हाती दिला म्हणून झ्यूस त्याची कानउघाडणी करतो. त्या वेळी झ्यूस कोणते शब्द वापरील, हा त्याच्या रचनेचा विषय होता. त्याने रचलेल्या त्रेचाळीस ग्रीक ओळी आईवडिलांनी त्याच्या प्रतिमेच्या दोन्ही अंगांना कोरून घेतल्या. अहोरात्र विद्येचाच ध्यास घेतल्याने आलेला शीण आणि आजार यांनी त्याचा अंत झाला, असे स्मारकावरील ग्रीक पद्ये सांगतात.

ही रचना पौराणिक विषयावरची असली, तरी तिच्यामागील कृती लक्षात घेण्याजोगी आहे. आपण नसलेल्या कोणाच्या तरी ठायी स्वतःला ठेवायचे. त्याच्या आयुष्यातील एक नेमका क्षण निवडायचा. आणि पुढे काय घडले हे ठाऊक असतानाही, त्या क्षणी त्या व्यक्तीला शोभेल असे बोलायचे. झ्यूसच्या जागी हॅनिबल, सुल्ला, केटो किंवा सिसेरो आले की या कृतीतून जे निष्पन्न होते त्याला ऐतिहासिक कल्पित म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. आणि रोममध्ये असे कल्पित प्रथमतः आणि मुख्यतः विद्यार्थी रचीत असत.

ऐतिहासिक कादंबरीची चर्चा सामान्यतः सर वॉल्टर स्कॉटच्या ‘वेव्हर्ली’पासून (१८१४) सुरू होते. जॉर्ज लुकाच यांच्या विवेचनाने हा प्रारंभबिंदू जवळजवळ निश्चित करून टाकला आणि मराठी समीक्षेनेही तो बहुतांशी स्वीकारला. कादंबरी या वाङ्मयप्रकारापुरते ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे ऐतिहासिक कल्पित हे प्रौढ लेखकाने प्रौढ वाचकासाठी केलेले लेखन असते, हे गृहीतही नकळत मान्य केले जाते. रोमन पाठशाळेचे उदाहरण या गृहीताला छेद देते. तेथे ऐतिहासिक कल्पित ही कलाकृती नव्हती. तो अभ्यास होता. मात्र अभ्यास म्हणून त्याला जी मोकळीक मिळाली तिच्यामुळे प्रजासत्ताकाच्या अखेरची स्मृती साम्राज्यकाळात जिवंत राहिली, आणि त्याच अभ्यासाने ती स्मृती सत्तेला सोसेल अशा बेताने छाटलीही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

रोमन शिक्षणक्रमाची रूपरेषा थोडक्यात अशी. अक्षरओळख झालेला मुलगा साधारणपणे अकराव्या-बाराव्या वर्षी व्याकरण आणि काव्य शिकविणाऱ्या गुरूकडे जाई. पुढे किशोरवयात तो वक्तृत्वाचार्याच्या पाठशाळेत दाखल होई. तेथे दोन प्रकारचे भाषणाभ्यास असत. ‘कॉन्ट्रोव्हर्सिया’ हा काल्पनिक खटला. त्यात एखाद्या कायद्याच्या आधारे वादी वा प्रतिवादीची बाजू मांडायची. ‘सुआसोरिया’ म्हणजे उपदेशभाषण. त्यात इतिहासातील वा पुराणातील एखादी व्यक्ती निर्णयाच्या उंबरठ्यावर उभी आहे असे कल्पून तिला सल्ला द्यायचा, किंवा तिच्याच तोंडून तो विचार वदवायचा. टॅसिटसच्या ‘संवादा’त, उपदेशभाषणे हा सोपा प्रकार म्हणून लहान मुलांकडे सोपविला जातो आणि खटल्यांचा अभ्यास मोठ्यांसाठी राखून ठेवला जातो, अशी नोंद आहे. म्हणजे इतिहासाशी कल्पनेने व्यवहार करण्याचे काम वर्गातील धाकट्यांच्या वाट्याला येई.

हे लेखन होते, याकडेही लक्ष वेधले पाहिजे. विद्यार्थी आधी भाषण लिहीत, गुरू ते तपासीत, मग ते पाठ करून सर्वांसमोर म्हटले जाई. पर्सियस (इ.स. ३४-६२) हा कवी आपल्या बालपणाची एक खोडी सांगतो. मरणोन्मुख केटोची भारदस्त वाक्ये पाठ करणे नको असले की तो डोळ्यांना तेल लावून दुखण्याचे सोंग करीत असे. ती वाक्ये ऐकण्यासाठी वडील मित्रांना घेऊन येत आणि घामाघूम होऊन बसत. जुव्हेनलही आपल्या पहिल्याच उपरोधिकेत सांगतो की त्यानेही छडीखालून हात मागे घेतलेला आहे आणि सत्ता सोडून स्वस्थ झोप घ्यावी असा सल्ला सुल्लाला दिलेला आहे. दुसऱ्या एका ठिकाणी तो हॅनिबलला उद्देशून म्हणतो, की आल्प्स ओलांडण्याचे एवढे सायास केलेस ते शेवटी शाळकरी पोरांना रिझविण्यासाठी आणि त्यांच्या भाषणाचा विषय होण्यासाठी. उपरोध सोडून दिला तरी वस्तुस्थिती उरतेच : सुशिक्षित रोमन पुरुषाच्या मनातील इतिहासाचा मोठा भाग त्याने स्वतः किशोरवयात रचलेल्या भाषणांतून घडलेला असे. ‘पुरुष’ हा शब्द येथे हेतुतः वापरला आहे. वक्तृत्वाचार्याची पाठशाळा ही सधन घरांतील मुलांची जागा होती, आणि ज्यांच्यासाठी सभा व न्यायालय ही क्षेत्रे खुली नव्हती त्यांना तेथे स्थान नव्हते.

क्विंटिलियनने ‘वक्त्याचे शिक्षण’ या आपल्या ग्रंथात या अभ्यासाची जी मीमांसा केली आहे, ती आजच्या कथनमीमांसेच्या अभ्यासकालाही उपयोगी पडावी. दुसऱ्याच्या मुखाने बोलणे, म्हणजे ‘प्रोसोपोपोइया’, हा त्याच्या मते सर्वांत कठीण अभ्यास आहे. कारण त्यात सल्ला देण्याच्या कष्टात व्यक्तिरेखा सांभाळण्याच्या कष्टाची भर पडते. एकाच विषयावर सीझर वेगळे बोलेल, सिसेरो वेगळे आणि केटो वेगळे. प्रत्येकाचे दैव, प्रतिष्ठा आणि पूर्वायुष्य डोळ्यांसमोर ठेवूनच वाक्य घडविले पाहिजे. हा अभ्यास कवींना आणि भावी इतिहासकारांनाही अत्यंत उपकारक आहे, असे तो आवर्जून म्हणतो. इतिहासकाराचा हा उल्लेख महत्त्वाचा आहे. वर्गातील कल्पित आणि प्रौढ इतिहासलेखन यांच्यामध्ये क्विंटिलियनला भिंत दिसत नाही. त्याला एक जिना दिसतो.

३

या अभ्यासाचा सर्वांत समृद्ध पुरावा थोरल्या सेनेकाने दिला आहे. कोर्डोबाचा हा गृहस्थ तत्त्वज्ञ सेनेकाचा पिता. उतारवयात, आपल्या तीन मुलांच्या आग्रहावरून, तरुणपणी ऐकलेल्या वक्त्यांची भाषणे त्याने आठवणीतून लिहून काढली. एकेकाळी दोन हजार नावे ऐकल्याबरोबर त्याच क्रमाने म्हणून दाखविता येत असत, असे तो स्मरणशक्तीविषयी सांगतो. त्याच्या संग्रहातील सात उपदेशभाषणे आज उपलब्ध आहेत. त्यांत नमूद झालेले आवाज बहुधा नामांकित आचार्यांचे आणि प्रौढ हौशी वक्त्यांचे आहेत, विद्यार्थ्यांचे नव्हेत. पण विषय पाठशाळेचेच आहेत आणि विद्यार्थ्यांपुढे नमुना म्हणून हीच भाषणे असत. सातांपैकी पाच विषय ग्रीक आहेत : अलेक्झांडरने महासागर ओलांडावा काय, थर्मोपिलीच्या तीनशे स्पार्टन वीरांनी माघार घ्यावी काय, अ‍ॅगमेम्नॉनने इफिजिनियाचा बळी द्यावा काय, इत्यादी. उरलेले दोन विषय रोमन आहेत आणि दोन्ही सिसेरोविषयी आहेत. अँटनीकडे जीवदान मागावे काय, याचा सिसेरो विचार करतो, हा पहिला. आपले ग्रंथ जाळल्यास अँटनी जीवदान देण्याचे वचन देतो, तेव्हा ते जाळावे काय, याचा सिसेरो विचार करतो, हा दुसरा.

पार्श्वभूमी परिचित आहे. सीझरच्या वधानंतर सिसेरोने अँटनीविरुद्ध ‘फिलिपिक’ या नावाने ओळखली जाणारी भाषणे केली. इ.स.पू. ४३ च्या अखेरीस अँटनी, लेपिडस आणि ऑक्टेव्हियन या तिघांनी सत्ता वाटून घेतली आणि वध्य व्यक्तींच्या याद्या प्रसिद्ध केल्या. ७ डिसेंबर रोजी सिसेरो मारला गेला. ज्या व्यासपीठावरून तो बोलत असे त्याच व्यासपीठावर त्याचे शिर आणि हात मांडण्यात आले. यातले काहीच वर्गातल्या मुलापासून लपलेले नव्हते. सिसेरोची भाषणे तर त्याच्या अभ्यासक्रमातच होती.

येथे या कल्पिताची विशेष रचना उघड होते. बोलणारा उभा आहे तो डिसेंबरापूर्वीच्या एखाद्या दिवशी. परंतु त्याचे युक्तिवाद येतात ते डिसेंबरानंतरच्या ज्ञानातून. अँटनी देईल ती मोजकी वर्षे आणि ग्रंथ देतील तो अनंत काळ, या विरोधावर दुसऱ्या विषयातील बहुतेक मांडणी उभी आहे. हा विरोध त्या दिवशी कोणालाही सिद्ध करता आला नसता. तो सिद्ध झाला तो ग्रंथ टिकल्यामुळे, आणि ते टिकल्याचे बोलणाऱ्याला ठाऊक असल्यामुळे. ऐतिहासिक कल्पितातील कालविपर्यासाची चर्चा नेहमी वेशभूषा, शस्त्रे, भाषा अशा बाह्य तपशिलांच्या अंगाने होते. परंतु निर्णयातील कालविपर्यास त्याहून खोल आहे. पात्राला आपल्या मृत्यूचे मोल आधीच समजलेले असणे, हा तो विपर्यास होय.

आता सेनेकाची एक नोंद पाहावी. पहिल्या विषयाची दुसरी बाजू, म्हणजे सिसेरोने क्षमा मागावी ही, फार थोड्यांनी मांडली, असे तो म्हणतो. व्हेरियस जेमिनस या वक्त्याचा तो अपवाद म्हणून उल्लेख करतो. दुसऱ्या विषयाबाबत तर दुसरी बाजू मांडणारा एकही वक्ता आपल्याला माहीत नाही, असे तो सांगतो. सर्वांना काळजी होती ती सिसेरोच्या ग्रंथांची, सिसेरोची नव्हती.

सेनेकाने हे कोणत्या सुरात लिहिले असावे याविषयी मतभेद संभवतो. परंतु त्यातून निघणारा प्रश्न टाळता येत नाही. उपदेशभाषण हा प्रकार तत्त्वतः दोन्ही बाजूंसाठी खुला होता. तोच त्याचा शैक्षणिक आधार होता. असे असता चौसष्ट वर्षे पूर्ण करीत आलेल्या एका भयभीत, थकलेल्या माणसाने जगावे, असे म्हणणारे कोणीच का निघाले नाही? उत्तर असे, की स्मृतीने निकाल आधीच दिलेला होता. विद्यार्थ्याला आचार्याची आणि श्रोत्यांची दाद मिळवायची होती, आणि दाद हुतात्म्याच्या बाजूला होती. विषयाच्या रचनेत स्वातंत्र्य होते. वर्गाच्या रुचीत ते नव्हते.

४

हे कल्पित वर्गाच्या चार भिंतींत राहिले असते तर त्याचा विचार शिक्षणाच्या इतिहासापुरता करून थांबता आले असते. पण ते बाहेर पडले. सिसेरोच्या मारेकऱ्याविषयीची कथा याचे ठळक उदाहरण आहे. पोपिलियस नावाच्या माणसाने सिसेरोला मारले आणि याच पोपिलियसला सिसेरोने पूर्वी एका खटल्यात सोडविले होते, अशी कृतघ्नतेची कथा पाठशाळेत लोकप्रिय होती. तिच्यावर एक स्वतंत्र काल्पनिक खटलाही रचलेला होता. सेनेका त्याबद्दल सावधपणे सांगतो : पोपिलियसने वध केला असे मोजक्याच इतिहासकारांनी लिहिले आहे, आणि त्यांच्याही मते पूर्वीचा खटला खासगी स्वरूपाचा होता, तो पितृहत्येचा होता ही गोष्ट वक्त्यांना आवडली म्हणून आली. पितृहत्येच्या आरोपातून सुटलेला माणूस आपल्या मुक्तिदात्याला, म्हणजे पित्यासमान पुरुषाला मारतो, ही योजना नाट्यदृष्ट्या किती सोयीची आहे हे सांगायला नको. पुढे सुमारे तीन पिढ्यांनंतर प्लुटार्क सिसेरोचे चरित्र लिहितो, तेव्हा पोपिलियस पूर्वी पितृहत्येचा आरोपी होता आणि सिसेरोने त्याचा बचाव केला होता, ही गोष्ट घडलेली घटना म्हणून येते. वर्गातील अलंकार आता इतिहासाचा तपशील झाला होता.

अशीच गोष्ट सॅलस्टच्या नावावर असलेल्या सिसेरोनिंदेची. हे छोटे भाषण म्हणजे सॅलस्टच्या मुखाने केलेला पाठशालेय अभ्यास असावा, असे आधुनिक अभ्यासकांपैकी बहुसंख्यांचे मत आहे. खुद्द क्विंटिलियन मात्र त्यातील वचने सॅलस्टची म्हणून उद्धृत करतो. जो आचार्य दुसऱ्याच्या मुखाने बोलण्याचे नियम घालून देतो, त्याचीच अशा बोलण्याने फसगत व्हावी, हे या अभ्यासाच्या यशाचे प्रमाणपत्रच म्हणावे लागेल.

प्रवाह उलट दिशेनेही वाहत होता. सिसेरोचा द्वेष्टा असिनियस पोलिओ याने असे पसरविले होते की सिसेरो अँटनीविरुद्धची भाषणे नाकारायला तयार होता. हे खोटे असल्याची सेनेकाची खात्री आहे. परंतु याच पोलिओने विद्यार्थ्यांना ग्रंथदहनाच्या विषयासाठी निमित्त पुरविले, असेही तो नोंदवितो. म्हणजे राजकीय कुचाळकीतून शाळेचा विषय निघाला, आणि शाळेने त्या कुचाळकीचे उदात्तीकरण करून सिसेरोला ग्रंथांसाठी मरणारा नायक बनविले. घटना, अपप्रचार, अभ्यास आणि चरित्र यांचे हे अभिसरण पाहिले म्हणजे ‘ऐतिहासिक सत्य’ आणि ‘कल्पनेचे स्वातंत्र्य’ या दोन गटांत सारी चर्चा बसविण्याची आपली सवय किती अपुरी आहे हे ध्यानात येते.

या अभिसरणात एक नाव मात्र जवळजवळ लुप्त होते. वध्यांच्या यादीवर तिघांची संमती होती. प्लुटार्कच्या वृत्तान्तानुसार ऑक्टेव्हियनने दोन दिवस सिसेरोसाठी आग्रह धरला आणि तिसऱ्या दिवशी त्याला सोडून दिले. मोबदल्यात अँटनीने आपल्या मामावर आणि लेपिडसने आपल्या भावावर पाणी सोडले. हा ऑक्टेव्हियन म्हणजेच पुढचा ऑगस्टस. सेनेकाने जतन केलेल्या भाषणांत दोषाचा जवळजवळ सारा भार एकट्या अँटनीवर टाकलेला आहे. अँटनी इ.स.पू. ३१ मध्ये अ‍ॅक्टियम येथे पराभूत झाला आणि पुढच्याच वर्षी मेला. त्याला शिव्या घालण्यात धोका नव्हता, उलट सोय होती. विद्यार्थी जुलमाविरुद्ध गर्जत होता. पण तो जुलूम हरलेल्या पक्षाचा होता. जिंकलेल्या पक्षाची त्यातली भागीदारी त्या गर्जनेत बुडून गेली.

५

तथापि या अभ्यासाला केवळ सत्तेची सोय ठरविणे अन्यायाचे होईल. ग्रंथ जाळण्याचा विषय पाठशाळेत घोळविला जात होता, त्याच काळात रोममध्ये ग्रंथ खरोखरच जळू लागले होते. टायटस लॅबिएनस हा वक्ता आणि इतिहासकार. ऑगस्टसच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात सिनेटच्या ठरावाने त्याचे सर्व ग्रंथ जाळण्यात आले. आपल्या ग्रंथांमागे जगण्याची इच्छा नसल्याने त्याने पूर्वजांच्या थडग्यात स्वतःला कोंडून घेतले आणि तेथेच तो मेला. हा प्रसंग सेनेकाच सांगतो. आणि ही शिक्षा सिसेरोच्या काळानंतर शोधली गेली हे लोकांचे भाग्य, नाहीतर त्या तिघांनी सिसेरोच्या प्रतिभेलाही वध्य ठरविले असते, अशी टिप्पणी करतो. या टिप्पणीच्या उजेडात दुसरा विषय पुन्हा वाचला म्हणजे त्यातील ‘अँटनी’ हे नाव पुरेसे पारदर्शक होते. विद्यार्थी इ.स.पू. ४३ विषयी बोलत होता, आणि ऐकणाऱ्याला आपल्या काळातील धूर दिसत होता.

पुढे इ.स. २५ मध्ये, टायबीरियसच्या कारकिर्दीत, क्रेम्युशियस कॉर्डस या इतिहासकारावर खटला झाला. ब्रूटसची स्तुती करणे आणि कॅसियसला अखेरचा रोमन म्हणणे हा त्याचा अपराध. त्याने उपवासाने प्राण सोडला; ग्रंथ जाळण्याचा हुकूम निघाला. त्याच्या मुलीने, मार्सियाने, प्रती जपून ठेवल्या आणि कॅलिग्युलाच्या काळात त्या पुन्हा प्रसृत झाल्या. आज क्रेम्युशियसचा इतिहास नष्ट झालेला आहे. सिसेरोच्या मृत्यूविषयीचे त्याचे जे शब्द उरले आहेत ते सेनेकाच्या उपदेशभाषणांच्या संग्रहात. लिव्हीच्या लुप्त भागातील सिसेरोवधाचे वर्णनही तेथेच टिकले आहे. जाळलेल्या इतिहासाचा आश्रय वक्तृत्वपाठांच्या संग्रहात आढळावा, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

या आश्रयाला मर्यादा होती. जुव्हेनल वर्गात एकसाथ जुलमी राजांचा वध करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घोळक्याची थट्टा करतो. परंतु कॅसियस डिओच्या इतिहासानुसार कॅलिग्युलाने कारिनास सेकुंडस या आचार्याला जुलमी राजांविरुद्ध केलेल्या अभ्यासभाषणाबद्दल हद्दपार केले, आणि डोमिशियनने मॅटर्नस नावाच्या वक्त्याला तशाच भाषणासाठी ठार मारले. म्हणजे ‘हा केवळ अभ्यास आहे’ हे कवच बहुतेक वेळा पुरेसे ठरे आणि कधी कधी अजिबात ठरत नसे. ते कधी फुटेल हे सांगता न येणे, हीच सत्तेची खरी पकड होती.

क्रेम्युशियसच्या खटल्याचे वर्णन टॅसिटसने केले आहे. त्यात तो क्रेम्युशियसला सिनेटपुढे एक संपूर्ण भाषण करायला लावतो. ते भाषण टॅसिटसची रचना आहे. ज्या अभ्यासाविषयी ‘संवादा’त अनादराचे सूर ऐकू येतात, त्याच अभ्यासात टॅसिटसची पिढी घडली होती; आणि गप्प केलेल्या इतिहासकाराला पुन्हा बोलते करण्यासाठी त्याच्या हाती साधन होते ते पाठशाळेतलेच. क्विंटिलियनने दाखविलेला जिना हाच.

६

सिसेरोसाठी कोणीच बोलले नाही, या प्रश्नाकडे पुन्हा वळले पाहिजे. सेनेकाच्या संग्रहानंतर सुमारे अर्ध्या शतकाने लिहिणारा क्विंटिलियन नेमक्या याच विषयांची दुसरी बाजू कशी मांडावी हे शिकवितो. सिसेरोने अँटनीची विनवणी करावी किंवा आपली भाषणे जाळावी असा सल्ला द्यायचा झाल्यास जीविताच्या लोभाचे कारण पुढे करू नये. तो लोभ त्याच्या मनात असेल तर न सांगताही आपले काम करील. त्याने राज्यासाठी स्वतःला राखावे, असे सांगावे. ही सूचना वक्तृत्वशास्त्राच्या दृष्टीने मार्मिक आहे. पात्राचा मोठेपणा अबाधित ठेवून त्याला जगण्याचे कारण देता येते. पण यातही एक अट आहे : जगण्याचे कारण सार्वजनिक असले पाहिजे. एका माणसाला केवळ मरण नको आहे, ही गोष्ट या कल्पितात बोलता येत नाही. तिला आपल्या आपण काम करायला सोडून द्यायचे.

ऐतिहासिक कल्पिताच्या मूल्यमापनात हा मुद्दा मोलाचा वाटतो. इतिहासातील थोर व्यक्ती कल्पितात येते ती बहुधा तिच्या कृतींच्या परिणामांसह येते, आणि परिणाम ठाऊक असल्याने तिच्या भीतीला, संभ्रमाला, माघारीच्या इच्छेला जागा उरत नाही. ग्रंथ वाचविण्याच्या भरात माणूस हरवतो. सल्पिशियस मॅक्झिमसच्या आईवडिलांनी मुलाच्या ओळी दगडात कोरल्या, तेव्हा त्यांनीही एका अर्थी ग्रंथच वाचविला. फरक इतकाच, की त्यांनी शेजारी त्याचे वय दिवसांसह लिहिले.

७

हा अभ्यास रोमबरोबर संपला नाही. उत्तर आफ्रिकेत चौथ्या शतकात शिकलेल्या ऑगस्टीनने ‘कबुलीजबाबा’त नमूद केले आहे की ट्रोजनांना इटलीपासून रोखता येत नाही म्हणून संतापलेल्या जूनोचे भाषण त्याला गद्यात रचून म्हणावे लागले, बक्षिसाची आशा होती, छडीची धास्ती होती, आणि टाळ्या त्यालाच अधिक मिळाल्या. याच शतकातील अफ्थोनियसचे ग्रीक अभ्यासपुस्तक लॅटिन भाषांतरांतून प्रबोधनकाळातील युरोपच्या शाळांत पोचले. तेथून एकोणिसाव्या शतकापर्यंत ‘अमुक व्यक्ती अमुक प्रसंगी काय बोलेल’ हा प्रश्न शाळकरी लॅटिनचा भाग राहिला. आता मात्र बोलणारे रोमन नव्हते. रोमन ही त्यांची भूमिका होती.

केंब्रिजमधील तरुण टॉमस मॅकॉलेने १८२३ मध्ये ‘नाइट्स क्वार्टर्ली मॅगझीन’मध्ये कॅटिलिनच्या कटाच्या काळावरची रोमन कथेची काही प्रकरणे प्रसिद्ध केली. पुढे १८४२ मध्ये आलेल्या त्याच्या ‘लेज ऑफ एन्शंट रोम’ या संग्रहातील काही रचना त्याच्या भारतातील वास्तव्यात (१८३४-३८) आकाराला आल्या होत्या. लुप्त झालेल्या रोमन पोवाड्यांची ही पुनर्रचना असून त्या कवी स्वतःच्या नव्हे तर प्राचीन गायकाच्या मुखाने बोलतो, असे तो प्रस्तावनेत बजावतो. पहिल्या पोवाड्याचा गायक गॉल लोकांनी रोम घेण्याच्या थोडे आधी जगलेला एक नागरिक आहे, असेही तो कल्पितो. हा क्विंटिलियनचाच धडा आहे. भारताच्या शिक्षणाविषयी १८३५ चे टिपण लिहिणाऱ्या हातानेच तो गिरविला, हे मराठी वाचकाला विसरता येत नाही.

परंतु या परंपरेचे अधिक अस्वस्थ करणारे उदाहरण एका विद्यार्थ्याचे आहे. १८६९ मध्ये फ्रान्समधील दुए येथील शैक्षणिक विभागाच्या लॅटिन पद्यरचनेच्या स्पर्धेत ‘जुगुर्था’ एवढाच विषय देण्यात आला. शार्लव्हिलच्या चौदा वर्षांच्या आर्थर रँबोने पहिले पारितोषिक मिळविले. जुगुर्था हा रोमशी लढलेला न्यूमिडियाचा राजा. रँबोने त्याच्या छायेला अल्जीरियाच्या डोंगरात बोलते केले आणि फ्रेंचांशी लढलेल्या अब्द अल-कादिरमध्ये नवा जुगुर्था पाहिला. रोमन विषयाच्या आडून स्वदेशाच्या विजयाकडे पाहण्याची ही खेळी ग्रंथदहनाच्या विषयाइतकीच जुनी आहे. पण अखेरीस ती छाया नव्या जुगुर्थाला नव्या विजेत्याशी जुळवून घेण्याचा सल्ला देते. हा शेवट मनापासूनचा की परीक्षकांसाठी योजलेला, हे ठरविण्यापेक्षा ज्या चौकटीत तो लिहिला गेला ती ओळखणे अधिक फलदायी आहे. ती चौकट बंडखोराला बोलायला सांगते, त्याच्या रोषाला पारितोषिकही देते, आणि त्याने कोठे थांबावे हे न सांगता ठरविते.

रोमन पाठशाळेतील कल्पितापासून ऐतिहासिक साहित्याच्या समीक्षेने घ्यायचा बोध यातच आहे. लेखकाने तपशिलांशी किती इमान राखले, हा प्रश्न आवश्यक आहे, पण पहिला नव्हे. निर्णयाच्या क्षणी पात्रासाठी किती वाटा खऱ्या अर्थाने खुल्या ठेवल्या, आणि विषयाने मुभा देऊनही कोणाची बाजू कोणीच मांडली नाही, हे आधी पाहिले पाहिजे. सेनेकाच्या त्या एका नोंदीमुळे रोमपुरते तरी या प्रश्नाचे उत्तर उपलब्ध आहे. इतर ठिकाणी अशी नोंद करणारा कोणी भेटेलच असे नाही. ते काम समीक्षेला करावे लागेल.